सायकलीचा सांगाडा आणि स्वारीचे सुख

फ्रान्सच्या उत्तर भागात बहुधा एप्रिल महिन्यात पॅरिस–रूबे नावाची एक सायकल शर्यत भरते. १८९६ साली ती प्रथम झाली. नावात पॅरिस असले, तरी १९७७ पासून ती पॅरिसच्या उत्तरेकडील कोंपिएन्य या गावाहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटरांची मजल मारून बेल्जियमच्या सीमेलगतच्या रूबे शहरी पोहोचते. या वाटेपैकी पन्नासाहून अधिक किलोमीटरांचा रस्ता दगडी फरसबंदीचा आहे. शेतगाड्यांच्या वाटेवर बसवलेले हे दगड कोठे वर आलेले, कोठे खचलेले, तर कोठे मधल्या फटींत माती साचलेले असे असतात. त्यांच्यावरून ताशी चाळीस किलोमीटर वेगाने सायकल नेणे म्हणजे हातात चालते घणयंत्र धरून बसण्यासारखेच होय. शर्यत संपल्यावर स्वारांच्या तळहातांना फोड आलेले असतात आणि बोटांना मुंग्या येत असतात. स्वाराच्या अंगाला बसणारे हे हादरे कमी कसे करावेत, या प्रश्नावर सायकल बनवणाऱ्यांनी शंभराहून अधिक वर्षे डोके चालवले आहे. त्याची बहुतेक सर्व उत्तरे या रस्त्यावर कधी ना कधी पारखली गेली आहेत.

त्या उत्तरांपैकी एक उत्तर सर्वसामान्य ग्राहकाच्या कानी नेहमी पडते. ते असे, की स्वारीचे सुख सांगाड्याच्या पदार्थावर अवलंबून असते. पोलादाची सायकल मऊ चालते, अ‍ॅल्युमिनियमची सायकल हाडे दुखवते, टायटॅनियमची सायकल वेताच्या छडीसारखी लवते, आणि कार्बन तंतूंची सायकल रस्त्याचे धक्के गिळून टाकते, असे दुकानदार सांगतात, जाणते स्वार सांगतात आणि जाहिराती तर सांगतातच. या चार पदार्थांच्या सायकलींच्या किमतींत मात्र काही पटींचे अंतर असते. ज्या घरात एकच सायकल घेता येते, आणि तीवरून कोणी शाळेला, कोणी कामाला, कोणी दूध घालायला जाणार असते, त्या घरी हे विधान खरे की खोटे, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. शिवाय हादऱ्यांचा संबंध आरोग्याशीही आहे. हँडलावर तळहाताचा भार फार वेळ राहिला आणि वरून कंपने पोहोचत राहिली, म्हणजे मनगटातून जाणारी एक मज्जा दाबली जाते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. लांबवर सायकल चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

या विधानाची परीक्षा करण्यापूर्वी थोडे मागे जाणे इष्ट आहे. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने आपले दोनचाकी वाहन लाकडाचे केले होते. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पायट्यांची दुचाकी निघाली. तिची चाके लाकडी असून त्यांवर बैलगाडीप्रमाणे लोखंडी धाव चढवलेली असे. इंग्रजांनी तिला ‘बोनशेकर’, म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, असे नाव ठेवले आणि ते तिला शोभलेही. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ सायकल आली आणि दोन सारख्या चाकांचा, साखळीने मागचे चाक फिरवण्याचा आजचा आकार रूढ झाला. पण हाडांची खरी सुटका झाली ती त्यानंतर तीन वर्षांनी. बेलफास्ट येथे पशुवैद्याचा व्यवसाय करणाऱ्या जॉन बॉइड डनलप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. अशा धावेची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन याने १८४५ मध्येच मांडली होती. परंतु तेव्हा सायकल नव्हती, आणि कल्पना मागे पडली. डनलपची धाव अवघ्या काही वर्षांत सर्वत्र पसरली, कारण ती नुसती मऊ नव्हती, वेगवानही होती. १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतींत तिने हे सिद्ध करून दाखवले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सायकलीच्या इतिहासात स्वारीच्या सुखाची सर्वांत मोठी वाढ झाली ती सांगाड्याचा पदार्थ बदलून नव्हे, तर चाकात हवा भरून.

आता पदार्थांकडे वळू. १६७८ मध्ये रॉबर्ट हुक याने असा नियम मांडला, की स्थितिस्थापक वस्तूवर जितका भार टाकावा तितक्या प्रमाणात ती ताणली जाते. पुढे १८०७ मध्ये टॉमस यंग याने हा गुण पदार्थापुरता वेगळा काढून मोजण्याची दिशा दाखवली. त्यावरून ज्याला यंगचा गुणांक म्हणतात तो अंक म्हणजे पदार्थाच्या ताठरपणाचे माप होय. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, सायकलींत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम मिश्रधातूंचा सुमारे ११० आणि अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंचा सुमारे ७० असतो. म्हणजे सारख्याच आकाराच्या तीन नळ्या घेतल्या, तर सर्वांत ताठर नळी पोलादाची आणि सर्वांत लवचीक अ‍ॅल्युमिनियमची ठरेल. लोकमत याच्या अगदी उलट आहे. पोलाद मऊ आणि अ‍ॅल्युमिनियम कडक, असे ते म्हणते. एवढ्यावरूनच शंका यावयास हवी.

याच अंकांजवळ घनता ठेवून पाहिली म्हणजे आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पोलादाची घनता ७.८५, टायटॅनियमची ४.५ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७. ताठरपणाला घनतेने भागले, तर पोलादासाठी सुमारे २५.५, टायटॅनियमसाठी २४.४ आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी २५.९ येतात. निसर्गाने या तिन्ही धातूंना वजनाच्या मानाने जवळजवळ सारखाच ताठरपणा दिला आहे. मग फरक कोठून येतो? तो नळीच्या आकारातून येतो.

पातळ पत्र्याच्या गोल नळीचे वजन तिचा व्यास आणि पत्र्याची जाडी यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. पण वाकण्याला होणारा तिचा विरोध व्यासाच्या घनाशी प्रमाणात असतो. व्यास दुप्पट आणि जाडी निम्मी केली, तर वजन तेच राहते, परंतु ताठरपणा चौपट होतो. बांबूचे कांड पोकळ का असते आणि पक्ष्याच्या हाडात पोकळी का असते, याचे उत्तरही हेच. हिशेब प्रत्यक्ष करून पाहावा. बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर आणि जाडी ०.८ मिलिमीटर असलेली एक मीटर लांबीची पोलादी नळी सुमारे ५५० ग्रॅम भरते. जुन्या रेसिंग सायकलींत अशा मापाच्या नळ्या असत. तोच बाहेरचा व्यास ठेवून अ‍ॅल्युमिनियमची नळी केली आणि बळकटीसाठी जाडी दुप्पट, म्हणजे १.६ मिलिमीटर केली, तर वजन सुमारे ३६५ ग्रॅम होते, पण ताठरपणा पोलादी नळीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी भरतो. आता अ‍ॅल्युमिनियमचीच नळी ४४.५ मिलिमीटर व्यासाची आणि १.४ मिलिमीटर जाडीची घेतली, तर तिचे वजन सुमारे ५१० ग्रॅम होते आणि ताठरपणा पोलादी नळीच्या सव्वादोन पट भरतो. धातू एकच असूनही एक नळी पोलादापेक्षा मऊ आणि दुसरी पोलादापेक्षा कितीतरी कडक निघाली.

हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ‘व्हायटस ९७९’ नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा निघाला. त्याच्या नळ्या जुन्या पोलादी नळ्यांच्याच मापाच्या जवळपास असून त्या सांध्यांत चिकटद्रव्याने बसवलेल्या असत. हा सांगाडा इतका लवत असे, की जोरात पायटे मारणाऱ्या धिप्पाड स्वारांची त्याविषयी तक्रार असे. तरीही आयर्लंडचा शॉन केली, ज्याने १९८४ आणि १९८६ मध्ये पॅरिस–रूबे जिंकली, त्याने आपल्या कारकिर्दीतील अनेक विजय अशाच सायकलीवर मिळवले. दुसरीकडे अमेरिकेत गॅरी क्लाइन याने १९७० च्या दशकात रुंद नळ्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे घडवले, आणि १९८३ पासून कॅननडेल या कंपनीने तसेच जाडजूड नळ्यांचे सांगाडे बाजारात आणले. हे सांगाडे कमालीचे ताठर होते. अ‍ॅल्युमिनियम हाडे दुखवते, ही ख्याती मुख्यतः यांच्यामुळे पसरली. व्हायटसवर बसणारा अ‍ॅल्युमिनियमला नरम म्हणत होता, तर कॅननडेलवर बसणारा त्याच अ‍ॅल्युमिनियमला दगडासारखे म्हणत होता. दोघांचाही अनुभव खरा असेल. पण धातूवर ठपका ठेवणे दोघांचेही चुकले.

अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करण्यामागे वजन आणि ताठरपणा यांखेरीज आणखी एक कारण होते, आणि ते अधिक गंभीर आहे. तार पुनःपुन्हा वाकवली म्हणजे ती तुटते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. याला धातूची श्रांती म्हणतात. पोलादाच्या बाबतीत एक मर्यादा अशी असते, की तिच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी सहसा तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहानसा ताणही लाखो वेळा मिळाला, तर कधी तरी तडा जातोच. म्हणून शहाणा आरेखक अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला वाकूच देत नाही. ती रुंद करून ताण फार खाली ठेवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीचा कडकपणा हा अशा रीतीने सुरक्षिततेसाठी मुद्दाम घातलेला गुण आहे, धातूचा स्वभाव नव्हे. अशा सांगाड्याच्या वितळजोडांजवळ केसासारखी रेघ दिसली, तर ती रंगाची आहे असे समजून दुर्लक्ष करू नये.

पोलादाविषयीही एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. उंची पोलाद ‘जिवंत’ चालते आणि साधे पोलाद ‘मेलेले’ असते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्स कंपनीने टोकांशी जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट १८९७ मध्ये घेतले होते. त्याच घराण्याची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ ही प्रसिद्ध नळी १९३५ मध्ये आली. तिची कीर्ती यथार्थ होती. परंतु तिचा यंगचा गुणांक पाण्याच्या नळाच्या पोलादाहून काही निराळा नव्हता. मिश्रणाने पोलादाची मजबुती वाढते, ताठरपणा बदलत नाही. मजबुती वाढली म्हणजे पत्रा पातळ करता येतो, पत्रा पातळ झाला म्हणजे नळी हलकी होते आणि थोडी अधिक लवते. जो काही फरक पडतो तो या आडवाटेने पडतो.

येथवर नळी वाकण्याची चर्चा झाली. पण सायकलीच्या सांगाड्यात नळ्या वाकतात तरी किती? बाजूने पाहिले, तर सांगाडा म्हणजे दोन त्रिकोण जोडून केलेला चौकटीचा आकार दिसतो. त्रिकोणाची ख्याती अशी, की त्याच्या बाजू तुटल्या किंवा आखडल्या नाहीत तोवर त्याचा आकार बदलत नाही; पुलांच्या कैच्यांत आणि घराच्या छपरात त्याची योजना याचसाठी करतात. खड्ड्यात चाक आदळले म्हणजे धक्का खालून वर येतो, आणि या दिशेला नळ्यांवर प्रामुख्याने दाब किंवा खेच येते, वाक येत नाही. पोकळ नळी वाकवणे सोपे असते. तिला लांबीच्या दिशेने दाबून आखूड करणे फार अवघड. म्हणून उभ्या भाराखाली मागचा त्रिकोण मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकाच दबतो, मग तो पोलादाचा असो वा अ‍ॅल्युमिनियमचा. सांगाडा खरोखर लवतो तो आडव्या दिशेने, पायट्यावर एका बाजूने जोर पडला असता. ती जाणीव पायांना होते. तिचा बुडाखालच्या धक्क्यांशी संबंध नाही.

आता खालून वर येणाऱ्या धक्क्याची वाट क्रमाने पाहावी. प्रथम टायर, मग चाक, मग सांगाडा, नंतर बैठकीचा दांडा आणि शेवटी बैठक. या साऱ्या एकामागून एक लावलेल्या स्प्रिंगाच आहेत. अशा मांडणीत प्रत्येक स्प्रिंग आपापल्या मऊपणाप्रमाणे दबते आणि एकूण दबण्याची बेरीज होते. चाक दिसायला नाजूक असले, तरी ताणलेल्या आऱ्यांमुळे ते उभ्या दिशेला अतिशय ताठर असते. जमिनीजवळच्या थोड्या आऱ्यांचा ताण किंचित कमी होतो, एवढाच बदल त्यात होतो. टायरचे तसे नाही. स्वाराच्या भाराखाली टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबावा, असा एक व्यवहारी नियम फ्रँक बर्टो या अमेरिकी अभ्यासकाने सुचवला होता. त्याप्रमाणे ३८ मिलिमीटरचा टायर साडेपाच मिलिमीटरांहून अधिक दबतो. एकीकडे पाच-सहा मिलिमीटर आणि दुसरीकडे मिलिमीटरचा लहानसा अंश. कापसाची जाड गादी सागवानी पलंगावर घातली काय किंवा शिसवीच्या पलंगावर घातली काय, झोपणाऱ्याला लाकडातला फरक पाठीने ओळखता येत नाही, तसाच हा प्रकार होय.

या साखळीत दोन दुवे मात्र खरोखर लवणारे आहेत. पुढचा चिमटा एका टोकाला धरलेल्या दांड्यासारखा असतो आणि तिरपा असल्यामुळे धक्क्याने पुढे वाकतो. बैठकीचा दांडाही सांगाड्यातून बराच वर आलेला असेल, तर मागे झुकतो. येथे त्रिकोण नसल्याने पदार्थ आणि आकार यांना वाव मिळतो. कॅनडातील शेरब्रूक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सायकलीचे भाग एकेक बदलून स्वारापर्यंत पोहोचणारी कंपने मोजली गेली, तेव्हाही हातांपर्यंतच्या कंपनांवर चिमटा आणि हँडल यांचा प्रभाव मोठा असल्याचे आढळले. कार्बन तंतूंचा चिमटा किंवा दांडा बसवल्याने आराम वाटला असे कोणी सांगितले, तर ते हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. सांगाड्याचे श्रेय मात्र त्यातून वजा करावे लागेल.

कार्बन तंतूंविषयी येथे दोन शब्द पुरेत. हे तंतू कृत्रिम राळेत बसवून सांगाडा घडवतात, आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड याने तूर द फ्रान्स ही शर्यत कार्बन नळ्यांच्या सायकलीवर जिंकल्यापासून त्यांचा बोलबाला वाढला. धातू सर्व दिशांना सारखाच ताठर असतो; तंतूंचा पदार्थ तंतूंच्या दिशेला ताठर आणि आडव्या दिशेला मऊ असतो. त्यामुळे सांगाडा कोठे कडक आणि कोठे नरम असावा, हे घडवणाऱ्याला थरांच्या मांडणीतून ठरवता येते. अर्थात त्यामुळेच ‘कार्बनची सायकल अशी चालते’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. तीच गोष्ट बांबूची. १८९० च्या दशकात युरोपात बांबूच्या सायकली विकल्या गेल्या होत्या, आणि अलीकडे आफ्रिकेत घानामध्ये व आपल्याकडे पुण्यातही त्या पुन्हा घडू लागल्या. बांबूचे तंतू आणि त्यांना धरणारा मगज कंपने थोडी अधिक शमवतो खरा. पण तो शमवण्यापूर्वीच टायरने आपले काम उरकलेले असते.

इतके हिशेब मांडूनही अनुभवी स्वार म्हणेल, की मला फरक जाणवतो. त्याचे म्हणणे तपासून पाहण्याचा शास्त्रीय मार्ग एकच आहे. १९९० च्या दशकात एका अमेरिकी सायकल मासिकाने तो अवलंबला. इटलीतील एका नामवंत कारागिराकडून सात सांगाडे करवून घेतले गेले. माप एक, रंग एक, जोडलेले सुटे भाग सारखेच. भेद फक्त नळ्यांत. एका टोकाला कंपनीची सर्वांत स्वस्त पोलादी नळी आणि दुसऱ्या टोकाला सर्वांत महाग. चाचणी घेणारा मुरलेला स्वार होता, पण कोणती सायकल कोणत्या नळीची, हे त्याला सांगितलेले नव्हते. त्याला त्या ओळखता आल्या नाहीत. हे प्रयोग पोलादापुरतेच होते, म्हणून त्यांवरून सर्व पदार्थांचा निकाल लावता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. पुढील दशकात दुसऱ्या एका मासिकाने अशीच गुप्त चाचणी घेतली. तीत काही स्वारांना जाड व पातळ नळ्यांतले अंतर ओळखता आले. पण त्यांनी सांगितलेला भेद पायटे मारण्याच्या अनुभवातला होता, धक्क्यांचा नव्हता. वर सांगितलेल्या आडव्या लवचिकतेशी हे जुळते.

मग उघड्या डोळ्यांनी चाचणी घेणाऱ्याला एवढा मोठा फरक का भासतो? एक तर अ‍ॅल्युमिनियमची आणि पोलादाची सायकल शेजारी ठेवली, तर त्यांत पदार्थाखेरीजही अनेक गोष्टी निराळ्या असतात. टायरची रुंदी, त्यातील हवा, चिमट्याचा आकार, दोन चाकांमधले अंतर, बैठक, सारेच वेगळे असते. बदल दहा आणि श्रेय एकाला, अशी गत होते. दुसरे म्हणजे कान. रुंद व पातळ पत्र्याची नळी डग्ग्यासारखी घुमते. रस्त्यावरचा खडा उडून लागला तरी मोठा आवाज होतो. आवाज मोठा झाला की धक्काही मोठा बसला, असे मन मानून घेते.

आपल्या देशातील साधी काळी सायकल या दृष्टीने न्याहाळण्याजोगी आहे. १९४९ मध्ये मद्रासला, १९५१ मध्ये सोनीपतला आणि १९५६ मध्ये लुधियान्याला उभ्या राहिलेल्या कारखान्यांनी देशभर पसरवलेली ही सायकल इंग्रजी ‘रोडस्टर’च्या नमुन्यावर बेतलेली होती. तिचे पोलाद साधे, नळ्या जाड आणि वजन सुमारे वीस किलो. पोथीनिष्ठ सायकलतज्ज्ञाच्या मते हा सांगाडा ‘मेलेला’ ठरावा. तरीही गावाकडच्या खडबडीत रस्त्यावर, मागे कॅरिअरवर धान्याचे पोते बांधून ही सायकल ज्या शांतपणे जाते, तशी कोणतीही रेसिंग सायकल जाणार नाही. तिचा टायर रुंद आणि २८ इंची चाकावरचा आहे. मोठे चाक लहान खड्ड्यात कमी उतरते. दोन चाकांमधले अंतर रेसिंग सायकलीपेक्षा दहाएक सेंटिमीटरांनी अधिक आहे. चिमटा अधिक तिरपा आणि पुढे वळवलेला आहे, त्यामुळे तो लवतो. बैठक रुंद असून तिच्याखाली उघड्या स्प्रिंगा आहेत, आणि स्वार ताठ बसत असल्याने हातांवर भार थोडा येतो. या सायकलीने स्वाराला दिलेले सुख पुष्कळ आहे, आणि त्यात पोलादाच्या प्रतीचा वाटा जवळजवळ नाही.

रस्त्याच्या खडबडीची कंपने किती वेगाने येतात, हेही पाहावे. ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटरांहून थोडे अधिक अंतर तोडते. रस्त्यावर दर पाच सेंटिमीटरांवर खडीचा उंचवटा असेल, तर सेकंदाला शंभराहून अधिक ठोके बसतात. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला चार ते आठ कंपनांबाबत सर्वांत हळवे असते आणि हातांचा हळवेपणा आठ ते सोळाच्या सुमारास असतो. म्हणजे खडीची बारीक थरथर त्रास देते ती मुख्यतः बोटांना आणि दीर्घ काळाने. खड्डे आणि उंचवटे त्रास देतात ते पाठीला आणि ताबडतोब. बारीक थरथर टायर शोषतो. मोठ्या खड्ड्यात उपयोग होतो तो स्प्रिंगेचा, नाही तर पायट्यांवर उभे राहणाऱ्या स्वाराच्या गुडघ्यांचा.

रूबेच्या दगडांवर हेच अनुभवास आले. फ्रान्सच्या जिल्बेर द्युक्लो-लासाल याने १९९२ आणि १९९३ मध्ये ही शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्या सायकलीला दबणारा, स्प्रिंगेसारखा चिमटा होता. पण चिमट्याचे वजन आणि गुंतागुंत स्वारांना नकोशी वाटली आणि तो प्रघात टिकला नाही. टिकला तो रुंद टायर. रस्त्यावरच्या शर्यतींत अनेक दशके २३ मिलिमीटरांच्या आसपासचे अरुंद टायर आठ बारच्या सुमारास हवा भरून वापरत असत. टायर जितका कडक तितका वेग अधिक, अशी समजूत होती. गुळगुळीत नळकांड्यावर टायर फिरवून मोजले, तर ते खरेही दिसे. खऱ्या रस्त्यावर मात्र अतिकडक टायर प्रत्येक खड्यावर स्वारासह सगळी सायकल वर उचलतो, आणि त्या उचलण्यात खर्चलेली शक्ती स्वाराच्या स्नायूंत जिरून उष्णतेच्या रूपाने वाया जाते. २०१० नंतर हे ध्यानी आले तसतसे शर्यतीचे टायर रुंद होत गेले आणि त्यांतील हवा कमी होत गेली. रूबेच्या दगडांसाठी ३० मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर नेहमीचे झाले. सुख आणि वेग यांचा येथे विरोध नाही, हे डनलपच्या टायरने १८८९ मध्ये दाखवले होते. ते पुन्हा शिकायला सव्वाशे वर्षे लागली.

शाळेत हा विषय एका तासात पडताळून पाहता येतो. सायकल सपाट फरशीवर उभी करावी, एका विद्यार्थ्याने तिचे हँडल धरावे आणि दुसऱ्याने बैठकीवर बसावे. बसण्यापूर्वी आणि बसल्यावर मागच्या चाकाच्या लोखंडी कडेचे जमिनीपासूनचे अंतर पट्टीने मोजावे. वजा केले की टायर किती दबला ते कळते. मग थोडी हवा सोडून पुन्हा मोजावे. प्रत्येक वेळी पंपावरचा दाब टिपला, तर भाराला दाबाने भागून टायरचा जमिनीला टेकणारा भागही काढता येईल. चाळीस किलोंचा भार आणि चार बार दाब असेल, तर तो सुमारे दहा चौरस सेंटिमीटर येतो. टायरला शाई लावून खाली कागद ठेवला, म्हणजे तो ठशावरून ताडून पाहता येईल. टायरच्या कडा स्वतःच थोडा भार पेलत असल्याने दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. यानंतर त्याच पट्टीने मागच्या चाकाच्या आसापासून बैठकीच्या दांड्याच्या खोबणीपर्यंतचे अंतर, कोणी बसले असता आणि नसता, मोजावे. पट्टीवर ते जेथे होते तेथेच राहिलेले दिसेल.